नकाशात नसलेली खोली

एकाच वाड्याचे दोन नकाशे आहेत. पहिला टेबलावर सगळ्यांसमोर पसरलाय. दुसरा एकाच माणसाजवळ, उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आडोशाला आहे. पहिल्यात आठ खोल्या, दुसऱ्यात नऊ. टेबलाभोवती बसलेल्या खेळाडूंना नवव्या खोलीचा पत्ता नाही, आणि पुढचे दोन-तीन तास ते तिच्या भिंतीला खेटून कितीदा तरी ये-जा करणार आहेत.

टेबलावर बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांमधली ही एक बारीकशी कारागिरी आहे. खेळाडूंच्या हातात नकाशा द्यायचा, त्यात लपलेली जागा दाखवायची नाही, आणि तरी नकाशा खोटा ठरू द्यायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की लक्षात येतं, माणसाचा डोळा, मोजमाप, गणितातली शक्यता आणि प्रामाणिकपणा हे सगळे प्रश्न चौकटीच्या वहीच्या एका पानावर येऊन बसतात.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो: कुणी हेर, कुणी वैद्य, कुणी लढवय्या. एक जण गेम मास्टर होतो. तो जागेचं वर्णन करतो, खेळाडू तोंडी सांगतात, ‘मी दार ढकलतो’, ‘मी भिंतीवर टकटक करून बघते’. निकाल अनिश्चित असेल तिथे फासा पडतो. या प्रकारातला पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो 1974 मध्ये अमेरिकेत काढला. खोक्यात तीन पुस्तिका होत्या, आणि गेम मास्टरला सांगितलं होतं की खेळ सुरू करण्याआधी जमिनीखालच्या मजल्यांचे निदान अर्धा डझन नकाशे काढून ठेव. खेळाडूंना मात्र एकही नकाशा मिळत नसे. त्यांच्यातला एक जण ऐकत ऐकत स्वतःच काढत जाई: ‘तीस फूट सरळ, मग डावीकडे वळण, उजव्या हाताला दार.’ म्हणून सुरुवातीच्या त्या खेळात काही लपवायला वेगळं काही करावंच लागत नसे. जे सांगितलं नाही ते कागदावर येतच नसे.

मुळात माहिती लपवण्याची ही युक्ती आणखी दीडशे वर्षं जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी युद्धाचा एक खेळ बनवला. मुलाने 1824 मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध केले. खऱ्या भूभागाचे 1:8000 प्रमाणातले नकाशे, त्यांवर लाल आणि निळे ठोकळे, आणि मधे एक पंच. दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाला लिहून देत. टेकडीआड उभी असलेली शत्रूची तुकडी पंचाला माहीत असे, पण ती समोरच्याच्या नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत तिचा ठोकळा तो नकाशावर ठेवत नसे. मला या पंचाचं फार अप्रूप वाटतं. सगळं ठाऊक असूनही दोन्ही बाजूंना फक्त त्यांच्या वाट्याचंच सांगणारा माणूस खेळाच्या मध्यभागी बसवायचा, ही कल्पना कुणाला तरी पहिल्यांदा सुचली असेल ना!

आता आपला वाडा. तो वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला बांधू या, 1670 साली. वाडा काल्पनिक, पण वर्ष खरं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, दिंडोरीजवळ मोगलांशी लढाई झाली, आणि वर्ष संपायच्या आत मराठी फौज वऱ्हाडातल्या या श्रीमंत बाजारपेठेवर येऊन थडकली. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहिलंय की चार हजार बैल आणि गाढवांवर लादून लूट नेली, गावातले सधन लोक पकडले गेले, आणि सगळ्यात बडी असामी मात्र बायकी वेशात निसटली. खेळ रचणाऱ्याला याहून काय हवं? फौज येण्याच्या आदल्या रात्री आपल्या वाड्यातल्या सावकाराने काय लपवलं असेल, आणि कुठे?

वाड्याची आखणी पाहा. दरवाजातून आत आलं की ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर, देवघर, कोठीघर, एका बाजूला न्हाणी, मागे परसदार. भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभराहून जाड. कोठीघराच्या मागे एक चोरखोली. गेम मास्टर आपल्या नकाशावर ती काढतो, दारावर खूण करतो. मग खेळाडूंसाठी दुसरी प्रत काढताना तेवढी खोली पुसून टाकतो.

इथेच घोटाळा होतो. पुसलेल्या जागी भोक राहतं. चारही बाजूंनी खोल्या आणि मधे रिकामा चौकोन, हे पाहिल्यावर पाच मिनिटांत कुणीतरी बोट ठेवून म्हणतं, ‘इथे काहीतरी आहे.’ पात्राने काहीच शोधलेलं नसतं, खेळाडूने कागद वाचलेला असतो. मोकळी जागा बोलते, आणि चांगली सुबक आखलेली मोकळी जागा तर ओरडून सांगते.

मग काय करायचं? एक उपाय म्हणजे भोकं वाढवायची. वाड्यात अशा न उलगडणाऱ्या जागा खरोखरच असतात. भिंतीतलं बळद असतं, जमिनीतलं पेव असतं, जिन्याखालचा कोनाडा बुजवलेला असतो, पडझड झालेला सोपा असतो. नकाशात चार ठिकाणी जाड भिंत आणि भरीव कोपरे असले की पाचवा कोपरा गर्दीत मिसळून जातो. दुसरा उपाय खोली वेगळ्या पातळीवर नेण्याचा. तळघर असेल तर वरच्या मजल्याच्या नकाशात त्याचा मागमूस राहत नाही, त्याचा कागदच निराळा. तिसरा उपाय मला सगळ्यांत आवडतो: खोली पुसायची नाही, तिला दुसरंच काहीतरी म्हणून दाखवायचं. कोठीघर नकाशावर आहे तेवढंच मोठं काढायचं, फक्त मधली भिंत काढायची नाही. दार उघडून आत गेलेल्या खेळाडूला मात्र सांगायचं, ‘खोली चार पावलांत संपते.’ कागदावर सहा पावलांची जागा आहे. ज्याच्या हे ध्यानात येईल त्याला खोली सापडली.

लपवण्यात न्याय कसा असावा, हे या शेवटच्या उपायात दिसतं. खेळाडूंना पोहोचता येईल असा धागा कुठेतरी सुटलेला हवा. आपल्या जुन्या बांधकामाने तर त्यासाठी एक सुंदर माप देऊनच ठेवलंय: खण. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि वाड्याची लांबी खणांत सांगतात. समजा बाहेरून तुळयांची टोकं मोजली तर नऊ खण भरतात, आणि आत ओसरीवरून चालत खोल्यांचे खण मोजले तर आठच. एक खण गेला कुठे? गेम मास्टरने एक अक्षरही खोटं सांगितलेलं नाही. बाहेरचं वर्णनही खरं, आतलंही खरं. दोन खऱ्या मापांची वजाबाकी कुणी केली नव्हती, एवढंच. बाहेरून माप आणि आतून माप, आणि फरक आला तर भिंतीत बघ: भुयारं-चोरखोल्या शोधणारा कुठलाही माणूस आजही हेच करतो.

नकाशा फोडणारी आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट म्हणजे आकडे. गेम मास्टर आपल्या सोयीसाठी खोल्यांना 1, 2, 3 असे क्रमांक देतो आणि वहीत प्रत्येकीचं वर्णन लिहितो. खेळाडूंच्या प्रतीत 6 नंतर एकदम 8 आला की सातवी खोली आपणहून हजर होते. म्हणून जाणकार लोक लपलेल्या जागांना शेवटचे क्रमांक देतात, किंवा खेळाडूंच्या प्रतीवर आकडेच घालत नाहीत. तीच गत कागदाच्या कडांची: नकाशा पानाच्या मधोमध नसेल, डाव्या बाजूला उगाच चार बोटं जागा सुटली असेल, तर पुढे तिकडे काय उघडणार ते कळतं.

फाशाचं तर शास्त्रच वेगळं. 1974 च्या नियमांत लपलेली वाट शोधताना सहा बाजूंच्या फाशावर 1 किंवा 2 पडलं तर ती सापडे. एल्फ जातीच्या पात्राची नजर तीक्ष्ण, त्याला 4 पर्यंत काहीही चाले. म्हणजे साध्या माणसाला दर खेपेला तीनातली एक संधी. एका ठिकाणी तीनदा शोधलं तर सापडण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. पण खरी गंमत वेगळीच आहे: फासा कुणी टाकायचा? खेळाडूने टाकला आणि 6 पडला, तर त्याला कळतं की आपला शोध फसला, जागा मात्र अजून संशयास्पद आहे. म्हणून गेम मास्टर आडोशामागे स्वतः टाकतो आणि फक्त म्हणतो, ‘काही सापडलं नाही.’ या तीन शब्दांचे दोन अर्थ होतात, आणि खेळाडूला ते वेगळे करता येत नाहीत. हुशार गेम मास्टर जिथे काहीच नाही अशा भिंतीपाशीही फासा टाकतो, कारण फाशाचा नुसता आवाजसुद्धा बातमी फोडतो. याच खेळाच्या 2014 च्या आवृत्तीत यावर आणखी एक तोड आहे: प्रत्येक पात्राच्या सावधपणाचा एक ठरलेला आकडा आधीच लिहून ठेवतात, आणि खोली किती बेमालूम लपवलीय याच्या आकड्याशी तो मनातल्या मनात ताडून पाहतात. फासा नाही, आवाजही नाही.

आता हे खेळ संगणकावरही चालतात. रोल20 हे संकेतस्थळ 2012 मध्ये आलं, फाउंड्री हे सॉफ्टवेअर 2020 मध्ये. तिथे भिंती म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या रेषा. पात्राच्या हातातल्या मशालीचा उजेड कुठपर्यंत पोहोचतो हे संगणक क्षणाक्षणाला मोजतो आणि तेवढाच भाग खेळाडूच्या पडद्यावर उजळतो. फाउंड्रीत चोरदरवाजाचा खास प्रकार आहे: खेळाडूला तो भिंतच दिसतो, दाराची खूण फक्त गेम मास्टरला. पण चित्रकाराने काढलेल्या मूळ चित्रात त्या जागी उंबरठा रंगवलेला असेल तर सगळं गणित फुकट. म्हणून आजही दोन चित्रं लागतातच. नकाशे काढून विकणारे लोक एकाच फाईलमध्ये थर ठेवतात: आकड्यांचा थर, चोरदारांचा थर, चौकटींचा थर. हवा तो लावा, नको तो मिटवा.

खेळाडूंचा आणि मास्टरचा असे दोन नकाशे फक्त खेळातच असतात, असं मात्र समजू नका. वाशिम जिल्ह्याचेही असे दोन संच आहेत. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार भारतीय सर्वेक्षण विभाग दोन मालिका काढू लागला: एक संरक्षण दलांसाठी, दुसरी सगळ्यांसाठी खुली. खुल्या मालिकेत संवेदनशील ठिकाणं नसतात, पत्रकांची क्रमांक-पद्धतही वेगळी. एकच डोंगर, एकच नदी, पण कागद दोन. आणि इथेही मोकळ्या जागेचा प्रश्न आलाच. नकाशातून एखादी जागा गायब केली की तिच्याकडेच बोट दाखवलं जातं, आणि उपग्रहचित्रं सगळ्यांच्या मोबाईलवर आल्यावर तर दोन चित्रं शेजारी धरली की काम झालं. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नवे नियम जाहीर केले. त्यांत भर जागा वगळण्यावर नाही, ठरावीक संवेदनशील माहिती त्या जागेला न जोडण्यावर आहे. इमारत दिसू दे, ती कशाची आहे ते लिहू नका. कोठीघर पूर्ण काढायचं आणि मधली भिंत तेवढी दाखवायची नाही, असा आपला तिसरा उपाय होता. त्याच वाटेवर एक अख्खा देश येऊन पोहोचला, याचं मला खरोखर नवल वाटतं.

त्याहून विलक्षण गोष्ट गावनकाशाची. आपण गावाचे दोन भाग करतो: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. इंग्रजी अमलात वऱ्हाडात रयतवारी पद्धतीची जमाबंदी झाली तेव्हा काळीचं प्रत्येक शेत, प्रत्येक बांध मोजून नकाशावर चढला, कारण सारा शेतावर होता. पांढरीवर सारा नव्हता. म्हणून गावठाणाची फक्त बाहेरची हद्द आखली गेली आणि आत कोरं राहिलं. जिथे माणसं राहतात, जन्मतात, भांडतात, लग्नं लावतात, नेमकी तीच जागा नकाशात रिकामी! खेळाडूने असा नकाशा पाहिला असता तर पहिल्यांदा तिथेच बोट ठेवलं असतं. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीपासून महाराष्ट्रात ड्रोनने गावठाणं मोजण्याचा प्रयोग झाला, 24 एप्रिल 2020 ला देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली, आणि हा कोरा भाग आता कुठे भरत चाललाय. इथे कुणी काही लपवलं नव्हतं. नकाशा काढणाऱ्याला ज्याची गरज नसते ते आपोआप अदृश्य होतं, आणि गेम मास्टरला हे जाणीवपूर्वक करावं लागतं.

मग ज्या लपण्यात मोकळी जागासुद्धा राहत नाही, असं काही असतं का? त्यासाठी खुद्द वाशिमलाच यावं लागेल.

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटक या प्राचीन राजघराण्याचा इतिहास अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकापासून ताम्रपटांवरून आणि शिलालेखांवरून जुळवत आणला होता. त्यांच्या वंशावळीत एकच मोठी शाखा होती, नागपूरकडची. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजांची नावं सांगणारा एक लेख आहे, हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा. तो झिजलेला. त्यातली नावं याच माहीत असलेल्या शाखेत बसवली गेली, आणि अस्पष्ट अक्षरंही त्याच अंदाजाने वाचली गेली. वंशावळ भरल्यासारखी दिसत होती. क्रमांक सलग होते, कुठे भोक नव्हतं. शेजारच्या खोल्याच इतक्या ताणून काढल्या होत्या की मधे आणखी एक दालन आहे अशी शंका यायला जागाच उरली नव्हती.

1939 मध्ये वाशिमला एक ताम्रपट मिळाला. दुसरा विंध्यशक्ती या राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षातला, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. वंशाचा भाग संस्कृतात, दानाचा व्यवहार प्राकृतात. त्यात राजा आपल्या पूर्वजांची नावं सांगतो, आणि पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा म्हणून सर्वसेनाचं नाव येतं. हा सर्वसेन आधीच्या वंशावळीत नव्हता. दान दिलं गेलं ते वत्सगुल्माहून. एका ताम्रपटाने एक अख्खी राजशाखा उघडी पडली. मग इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा तो लेख पुन्हा बारकाईने वाचला, आणि जिथे दुसरंच नाव वाचलं जात होतं तिथे सर्वसेन उभा होता. शिवाय हे नाव साहित्याच्या अभ्यासकांना अगदी अनोळखीही नव्हतं: ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन. काव्य हरवलंय, अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतल्या उल्लेखांतून त्याची ओळख उरलीय. म्हणजे कवी एका वहीत होता, राजा लेण्याच्या भिंतीवर होता, राजधानी वाशिमच्या जमिनीखाली होती, आणि तिघांना जोडणारं दार 1939 पर्यंत कुणाला दिसलं नव्हतं. अजिंठ्याची शेवटच्या काळातली सगळ्यांत देखणी लेणी ज्या हरिषेणाच्या राज्यात कोरली गेली, तो याच शाखेचा. जगभरातले लोक ज्या दालनात उभे राहून चित्रं पाहत होते, त्याच दालनाचा मालक त्यांच्या नकाशावर चुकीच्या खोलीत होता.

चोरखोली सापडते तेव्हा टेबलावर काय होतं ते आता सांगायला हवं. नवी जागा नुसती जोडली जात नाही. आधी काढलेल्या रेषा बदलाव्या लागतात. कोठीघर आखूड होतं, देवघराची मागची भिंत जाड का होती ते समजतं, रात्री ऐकू आलेल्या आवाजाला जागा मिळते. नकाशा काढणारा खोडरबर घेतो आणि आपल्याच हाताने काढलेली, इतका वेळ पूर्ण बरोबर वाटलेली रेष पुसतो. त्या क्षणी सगळे टेबलावर ओणवे झालेले असतात.

वाशिममध्ये असा खेळ रचायचा असेल तर निम्मी तयारी कधीचीच झालेली आहे. ‘वत्सगुल्ममाहात्म्य’ या संस्कृत ग्रंथात या गावातली 108 तीर्थं सांगितली आहेत. पद्मतीर्थ त्यांतलं सगळ्यांत प्रसिद्ध, विष्णूने निर्माण केलेलं म्हणून मान असलेलं. आणखी काही आजही दाखवता येतात, बाकीच्यांच्या जागा विस्मरणात गेल्यात. गेम मास्टर आधी नकाशा काढतो आणि मग खोल्यांची यादी करतो. इथे यादी हाताशी आहे, नकाशा नाही. चौकटीच्या वहीचं एक पान घ्यावं, पद्मतीर्थाला 1 हा आकडा द्यावा, शाळेतल्या मुलांचा एक गट करावा आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत दुसऱ्या क्रमांकाकडे निघावं. फक्त यादीतले आकडे मुलांना आधी दाखवू नयेत.